याउयोस केचुआचे ध्वनिमुद्रण कसे करावे

पेरूच्या लिमा प्रदेशातील याउयोस प्रांतात, अँडीजच्या डोंगराळ गावांमध्ये बोलली जाणारी याउयोस केचुआ आता मुख्यतः वृद्धांच्याच तोंडी उरली असल्याने ध्वनिमुद्रणाचे काम लांबणीवर टाकू नये. आधी ग्रामसमुदायाची परवानगी घ्यावी आणि मुद्रणाची एक प्रत गावातच राहील, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे; माझ्या मते ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. बोलणाऱ्याचे गाव न चुकता नोंदवावे, कारण काक्रा आणि ओंगोस येथे इतरत्रच्या ‘र’च्या जागी ‘ल’ ऐकू येतो. प्रश्नावली पुढे न करता पेरणी, गुरे, जुन्या कथा यांवर मोकळेपणी बोलू द्यावे.

मुद्रण लिहून काढताना प्रत्यय मुळीच गाळू नयेत. स्वतः अनुभवलेल्या गोष्टीला ‘मि’, ऐकीव गोष्टीला ‘शि’ आणि केवळ तर्काला ‘त्रि’ जोडला जातो; तो निसटला, तर वक्त्याला ती माहिती कोठून मिळाली, हेच नोंदीतून नाहीसे होते. शंका आल्यास ते वाक्य त्याच वक्त्याला पुन्हा ऐकवून खात्री करून घ्यावी. स्पॅनिश भाषांतर त्यानंतरच हाती घ्यावे.