गॅरेजात डंकी आली तेव्हा : शेजाऱ्याचा त्रास आणि घरमालकाची जबाबदारी

मी नर्स आहे. मिरजेला रात्रपाळी करून सकाळी नऊला सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीवर येते आणि झोपते. एका मार्च महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खाली गॅरेजात मिरची कांडपाची डंकी, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, बसवली. चटणीचा हंगाम, सकाळपासून बायका पिशव्या घेऊन रांगेत. माझी कॉट हादरायची, खिडकीतून मिरचीचा खकाणा आत यायचा. दीड महिना मी नीट झोपले नाही आणि त्याच डोळ्यांनी रात्री पेशंटची सलाईनं बघत होते. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी वहिनींशी बोलले. मी दिवसा झोपते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी दुपारी बारा ते चार डंकी बंद ठेवायचं कबूल केलं आणि चार दिवस पाळलंही. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक थांबेना.

मैत्रीण म्हणाली, भाडं देऊ नकोस, मालक आपोआप हलतील. असं अजिबात करू नका. भाडं थांबलं की डंकीचा विषय मागे पडतो आणि तुमची थकबाकी पुढे येते. मी दर पाच तारखेला मोबाईलवरून भाडं भरत राहिले. रोख देत असाल तर पावती मागा. ती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे.

मग एक गोष्ट शोधायची : त्रास देणारा कुणाचा भाडेकरू आहे? बाकी सगळं याच्यावर ठरतं. वहिनी आमच्याच घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, भाडेकरू होत्या, म्हणून काकांच्या हातात बरंच काही होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये भाडेकरूकडून जागा परत मागायची जी कारणं दिली आहेत, त्यात शेजाऱ्यांना उपद्रव देणं हेही आहे. लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) असेल तर करारनामाच बघायचा. ‘फक्त राहण्यासाठी वापर’ आणि ‘शेजाऱ्यांना त्रास होईल असं वर्तन करणार नाही’ ही दोन वाक्यं बहुतेक करारांत असतात. वहिनींच्या करारात दोन्ही होती. काकांना ते आठवतही नव्हतं.

शेजारी परक्या घराचा असेल तर तुमचा मालक त्याला बाहेर काढू शकत नाही, आणि प्रत्येक परक्या आवाजाला कायदा मालकाला जबाबदारही धरत नाही. पण अपार्टमेंटमध्ये सोसायटीचा सभासद मालक असतो, तुम्ही नव्हे. म्हणून सेक्रेटरीकडे त्याच्या सहीनं अर्ज जाऊ द्या. तेवढं त्यानं केलंच पाहिजे, आणि तेवढं तुम्ही ठामपणे मागा.

काकांना मी तोंडी तीनदा सांगितलं, ते ‘बघतो’ म्हणाले. चौथ्यांदा कागद दिला. त्यात चारच गोष्टी होत्या : कोणत्या तारखांना किती वाजता आवाज झाला (बारा दिवसांची नोंद वहीत होती), मला काय त्रास होतो, वहिनींच्या करारातली ती दोन वाक्यं, आणि पंधरा दिवसांत काय करणार ते लेखी कळवा. स्पीड पोस्टानं पाठवला, पोहोच जपून ठेवली. व्हॉट्सअॅपवरही टाकला, कारण काका तिथं लगेच बघतात.

नुसत्या बोलण्यानं भागत नसेल तर पुढच्या वाटा आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. रात्रीच्या स्पीकरसाठी ११२ ला फोन करा. शिवीगाळ, धमकी झाली तर पोलीस ठाण्यात किमान अदखलपात्र नोंद करून तिची प्रत घ्या. घरगुती मीटरवर धंदा चालत असेल तर महावितरणकडे तक्रार करता येते. मी ती केली नाही. वहिनींचं घर त्या डंकीवर चालत होतं, त्यांना दंड व्हावा अशी माझी इच्छा नव्हती. त्रास सगळ्या गल्लीला असेल तर शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली ते उपद्रव हटवायचा आदेश काढू शकतात. एकट्याच्या झोपेसाठी मात्र ते कलम नाही.

तक्रार केली म्हणून मालक तुमच्यावरच उलटला, पाणी किंवा वीज तोडली, तर भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात दाद मागता येते. वकील परवडत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते, हे आमच्या वॉर्डातल्या निम्म्या मुलींना ठाऊक नव्हतं.

कागद पोचल्यावर आठव्या दिवशी काका स्वतः सकाळी दहाला माझ्या खोलीत येऊन बसले. पाच मिनिटांत ठसका लागून बाहेर आले आणि तसेच जिना चढून वर गेले. करार दाखवून वहिनींना महिन्याची मुदत दिली. त्याच महिन्यात त्यांना बाजाराच्या बाजूला पत्र्याचा गाळा मिळाला. आता माझी चटणी मी तिथंच कुटून आणते.