पोरीच्या मागे कोणी लागला तर ठाण्यात काय घेऊन जायचं

वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावची मी पोलीस पाटील आहे, अकरा वर्षं झाली. धुऱ्यावरून भांडण झालं, विहिरीची मोटर चोरीला गेली, की लोक त्याच दिवशी माझ्या दारात येतात. पण पोरीच्या मागे कोणी लागला तर घरचे सहा-सहा महिने तोंड उघडत नाहीत. तिचं कॉलेज बंद करतात, नाहीतर घाईनं सोयरीक पाहतात. हे पाहवत नाही म्हणून लिहिते आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावातली एक बाई माझ्या ओसरीवर येऊन बसली. बराच वेळ पऱ्हाटीच्या फवारणीचंच बोलत राहिली. मग आवाज खाली करून म्हणाली, "पाटीलबाई, कोणाले सांगू नका. फाट्यावर एक पोरगा रोज गाडी लावून उभा राह्यते. यष्टीच्या मागं मागं कॉलेजपर्यंत येते. पोरीले फोन लावते." मी विचारलं, कवापासून? तिला सांगता येईना. एकोणीस वर्षांची पोरगी, तिलाही नाही. "लय दिवस झाले," एवढंच.

"लय दिवस झाले" यावर ठाण्यात काही उभं राहत नाही. म्हणून पहिलं काम वहीचं. त्यांच्या घरात शंभर पानी वही होती, पुढच्या पानांवर खता-बियाण्याचा हिशेब. तीच उलटी करून मागून सुरू केली. पोरीनं स्वतःच्या हातानं लिहायचं, त्याच दिवशी लिहायचं: तारीख, वार, वेळ, जागा, तो काय बोलला, गाडीचा नंबर, कोणी पाहिलं. तिची एक नोंद अशी होती: "१२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी ६.५०, फाटा. यष्टीत चढताना आडवा आला. 'नंबर काहून बदलला' म्हणाला. कंडक्टर ताईनं ऐकलं, त्याले हटकलं." ही एक नोंद "तो खूप त्रास देतो" अशा दहा वाक्यांपेक्षा जड आहे, कारण तिच्यात साक्षीदार आहे आणि त्या पोराचे शब्द आहेत.

मागचं आठवायचं असेल तर कॅलेंडर समोर घेऊन बसा. पेरणी कधी झाली, परीक्षेचा फॉर्म कधी भरला, त्याच्या आगेमागे काय घडलं, असं विचारत गेलं की पोरीला आठवतं. नक्की तारीख सापडली नाही तर "सुमारे" लिहा. अंदाजाची तारीख पक्की म्हणून लिहिली की उलटतपासणीत वकील नेमकी तीच धरतो. आणि वाढवून सांगू नका. त्यानं हात धरला नसेल तर धरला म्हणू नका. जे घडलं तेवढंच पुरेसं आहे, कायद्यात त्याला जागा आहे.

ती जागा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. त्याआधी हेच कलम भारतीय दंड संहितेत ३५४-ड होतं, त्यामुळे जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही जो पुरुष वारंवार तिचा पाठलाग करतो, बोलायला पाहतो, किंवा ती इंटरनेटवर, मोबाईलवर काय करते यावर पाळत ठेवतो, तो या कलमात येतो. अंगाला हात लागायलाच पाहिजे असं नाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा दोषी ठरला तर ५ वर्षांपर्यंत.

यातला "नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही" हा भाग नीट समजून घ्या. पुष्कळ पोरी भीतीनं गप्प राहतात, आणि मग समोरचा म्हणतो, तिनं कधी नाही म्हटलंच नाही. आम्ही तिच्याकडून एकच मेसेज पाठवून घेतला: "मला तुझ्याशी बोलायचं नाही. फोन करू नको, मागे येऊ नको." बस. त्यानंतर एक अक्षर नाही, शिवीसुद्धा नाही. त्या मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या आणि तासाभरात त्याचे नऊ मिस्ड कॉल. त्याचा स्क्रीनशॉट काढला, पण मूळ मोबाईलही जपून ठेवला. चॅट पुसू नका, फोन फॉरमॅट मारू नका, दुरुस्तीला टाकू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते पोलीस आणि वकील पाहतील. फोन तुमच्या हाती पाहिजे.

आणखी एक, भावांसाठी. या पोरीचा भाऊ काठी घेऊन निघाला होता. मी त्याला गाडीवरून उतरवला. तू त्याला बदडशील, संध्याकाळी तो डोक्याला पट्टी बांधून ठाण्यात बसेल, आणि आपली तक्रार मागं पडून तुझ्यावर गुन्हा लागेल. राग खरा आहे, मला तो समजतो. पण तो तिच्यासोबत सकाळी फाट्यापर्यंत चालण्यात घाल.

आता ठाणं. आम्ही गेलो तिथल्या अंमलदारानं आधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहायला घेतली, म्हणाला, पोराला बोलावून समज देतो. मी नम्रपणे पण ठाम सांगितलं की ७८ दखलपात्र आहे, एफआयआर लिहा. असं प्रत्येकाला सांगता येतं, त्याला पोलीस पाटील असायला नको. लक्षात ठेवायच्या गोष्टी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहेत. घटना कोणत्याही हद्दीतली असो, कोणतंही ठाणं तक्रार घेऊ शकतं. तोंडी सांगितलं तरी त्यांनी लिहून, वाचून दाखवायचं. अशा गुन्ह्यात बाईची तक्रार महिला पोलिसानं लिहायची असते, तसं मागा. ऑनलाइन कळवलं तर ३ दिवसांत सही करावी लागते. प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. वाचल्याशिवाय सही नको. आमच्या पोरीचं पहिलं वाचन थांबलं ते "ओळखीचा मुलगा" या शब्दांवर. "माह्या ओळखीचा नाई तो," ती म्हणाली, आणि ते खोडून घेतलं.

ठाण्यानं घेतलंच नाही तर तीच तक्रार लिहून स्पीड पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या पैशाची काळजी नको. बाईला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा किंवा १५१०० वर फोन लावा. ऐन वेळी, तो समोर उभा असताना, ११२. पोरगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो, ठाण्यात वय सर्वांत आधी सांगा, शाळेचा दाखला सोबत न्या.

७८ पहिल्या वेळी जामीनपात्र आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर दिसला की सगळे खचतात. म्हणून आम्ही चॅप्टर केसचीही मागणी केली: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली तहसीलदारांसमोर शांतता राखण्याचा बॉन्ड, १ वर्षापर्यंतचा. वही मात्र बंद करायची नाही. तक्रारीनंतर त्यानं जिवे मारीन म्हटलं तर ते न्याय संहितेच्या ३५१ मध्ये जातं, ७ वर्षांपर्यंत. हात धरला, ओढणी ओढली तर ७४, आणि ते पहिल्याच वेळी अजामीनपात्र. त्यापुढे हत्यारानं मारणं ११८, ॲसिड १२४, जिवे मारण्याचा प्रयत्न १०९, खून १०३. हे आकडे पाठ करायला सांगत नाही. ७८ ही या रांगेतली पहिली पायरी आहे आणि बाकीच्या पायऱ्यांवर जायच्या आधी आपल्याला कायदा हाती मिळतो, एवढं दिसावं म्हणून लिहिले.

हिंगणघाट आमच्यापासून लांब नाही. ३ फेब्रुवारी २०२० ला सकाळी तिथं कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं. १० फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. तो आधीपासून तिला त्रास देत होता, असं तेव्हा पेपरांत आलं होतं. त्या आठवड्यात आमच्या गावातून यष्टीनं जाणाऱ्या पाच पोरींपैकी तीन घरी बसवल्या गेल्या. त्यातली एक आता चोवीस वर्षांची आहे, कापूस वेचायला जाते. दहावीला तिला ८१ टक्के होते.

तक्रारीला ९० दिवस होत आले की तपास कुठवर आला ते पोलिसांनी कळवायचं असतं. कळवलं नाही तर जाऊन विचारा, विचारल्याची तारीख वहीत लिहा. एफआयआरची प्रत त्या मायनं सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे, एक झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, आणि पोरगी पावणेसातच्या यष्टीनं कॉलेजला जाते.