पोटातल्या चरबीची तब्येत: टेप, उपाशीपोटीचं रक्त आणि थोडा हिशेब

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे 'वजन तर बरोबर आहे' या वाक्यावर विसंबून राहता येत नाही, ते यासाठी.

त्वचेखालची चरबी म्हणजे घरातली कणगी. जेवणातला जादा मेद ती साठवते. कणगी ओसंडली की मेद भलतीकडे, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसतो. फुगलेल्या चरबीच्या पेशींना प्राणवायू कमी पडतो, प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे ठाण मांडतात, सूज वाढवणारी रसायनं सुटतात, आणि इन्शुलिनला न जुमानता मेद रक्तात पाझरत राहतो. आतड्यांभोवतीचं बरंचसं रक्त थेट यकृतात जात असल्यामुळे पहिला फटका यकृताला बसतो. ते हा मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात बाहेर टाकतं, आणि ट्रायग्लिसराइड चढलं की एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, उतरतं. रिपोर्टमधले आकडे याच साखळीचे टप्पे आहेत, म्हणून ते सुटे न वाचता एकत्र वाचायचे.

सुरुवात टेपने करा. पँटचा किंवा साडीचा पट्टा जिथे बसतो तिथे मोजू नका. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाखाली घसरलेला असतो आणि आकडा कमी येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा ठेवा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाच वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायचा नाही. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तरी पुढच्या तपासण्या कराव्यात.

रक्त १० ते १२ तास उपाशी राहून द्या. पाणी चालतं, बिनसाखरेचा काळा चहासुद्धा नको. आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम टाळा, दोन-तीन दिवस दारू बंद. सर्दी, ताप, दाढदुखी किंवा लघवीचा संसर्ग असेल तर दोन आठवडे थांबा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे इन्शुलिन खोटंच कमी दिसतं आणि रिपोर्ट पाहून माणूस निर्धास्त होतो.

मुख्य तपासण्या या सांगा: उपाशीपोटीची साखर, त्याच सॅम्पलच्या वेळचं इन्शुलिन, लिपिड प्रोफाइल (रक्तातले मेद), एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृताच्या तपासण्या), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, पुढे नुसतं सीआरपी). साखरेचं रक्त करड्या टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घेतलंय ना, हे बघा. साध्या ट्यूबमध्ये ते तसंच पडून राहिलं तर रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर फस्त करतात. सॅम्पलमध्ये तांबड्या पेशी फुटल्या असतील तर इन्शुलिनही घटतं. रिपोर्टवर 'हीमोलाइज्ड' असा शेरा दिसला तर पुन्हा रक्त देणं बरं.

आता हिशेब. समजा ४२ वर्षांचा पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ६७ किलो, कंबर ९३ सेंमी. साखर ९८, इन्शुलिन १५, ट्रायग्लिसराइड १८६, एचडीएल ३६, एसजीपीटी ५२, एसजीओटी ३४, प्लेटलेट २.४ लाख, सीआरपी २.८.

साखर गुणिले इन्शुलिन भागिले ४०५ म्हणजे होमा-आयआर. इथे १,४७० भागिले ४०५, उत्तर ३.६. साधारण २.५ च्या वर गेलं की इन्शुलिनला विरोध आहे असं धरतात. बऱ्याच लॅब इन्शुलिन २५ पर्यंत नॉर्मल छापतात, त्यामुळे या रिपोर्टवर ना साखरेपुढे लाल खूण दिसेल ना इन्शुलिनपुढे. नेमकी हीच माणसं 'सगळं ठीक आहे' म्हणून घरी जातात. इन्शुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना हे सूत्र लागू नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांच्या रिपोर्टवर साखर मिलीमोलमध्ये असते, तिथे ४०५ ऐवजी २२.५ ने भागा.

ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल: ५.२. तीनच्या पुढचा आकडा चांगला नाही. एसजीपीटी पुरुषांत ३३ आणि स्त्रियांत २५ च्या पुढे गेलं तर यकृतातल्या चरबीचा विचार करायला हवा, लॅबची मर्यादा ४५ किंवा ५० छापलेली असली तरी. मग यकृत किती निबर झालंय याचा अंदाज देणारा फिब-४ काढा: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). प्लेटलेट हजारात घ्यायच्या, २.४ लाख म्हणजे २४०. लाखाचाच आकडा टाकला तर उत्तर शंभर पट फुगतं आणि घरात घबराट उडते. इथे उत्तर ०.८ येतं. १.३ च्या खाली असल्याने यकृत निबर झाल्याची शक्यता कमी. त्याच्या वर असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा निबरपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर मर्यादा २ धरतात.

सीआरपी १ च्या खाली उत्तम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर दिसलं तर आधी संसर्ग शोधा. त्या आकड्यावरून चरबीबद्दल काहीच ठरवू नये.

ॲडिपोनेक्टिन आणि लेप्टिन चरबीच्या पेशीच बनवतात. चरबी बिघडली की पहिलं घटतं, दुसरं वाढतं, म्हणून संशोधनात त्यांचं गुणोत्तर फार उपयोगी पडतं. तरीही पदरचे पैसे घालून या तपासण्या करू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ॲडिपोनेक्टिन स्त्रियांत मुळातच जास्त असतं, किडनी किंवा हृदय निकामी होत असतानाही चढतं, पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत तर दुपटीच्या पुढे जातं. इतक्या वाटांनी हलणाऱ्या एका आकड्यावरून आपल्या पोटाचं निदान होत नाही.

एचबीए१सीही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बघाच, पण रक्तात लोह कमी असेल तर तो आकडा खोटा वाढतो. आपल्याकडच्या बायकांत हे फार आढळतं, म्हणून हिमोग्लोबिन शेजारी ठेवून वाचा.

पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी करा, त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून. इन्शुलिनची यंत्रं लॅबागणिक वेगळी असतात, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी मांडू नका. वजन ५ टक्के उतरलं, वरच्या माणसाच्या बाबतीत साडेतीन किलोच्या आत, की ट्रायग्लिसराइड आणि इन्शुलिन आधी खाली येतात. एचडीएल मात्र वजन उतरत असताना थोडं घसरू शकतं. ते पाहून आहार सोडू नका. वजन स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी मोजा.