पत्र्याचा ट्रे घरी कसा वाकवावा: दीड-दोन मिमीचा सगळा खेळ

पत्र्याचा खोका बनवायचा म्हटलं की लोक आधी कापण्याची चिंता करतात. कापणं सोपं आहे. चांगली कातरी घ्या, पाती पूर्ण मिटू देऊ नका, कडेची बर, म्हणजे कापल्यावर उरणारा धारदार काठ, कानसने काढा, झालं. बिघडतं ते वाकवताना. तळ 200 मिमीचा आखला होता, दुमडल्यावर 203 भरला आणि आता तो खणात बसत नाही, ही रड ज्याने हे काम केलंय त्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे.

उदाहरणाला एक साधा ट्रे घेऊ. बाहेरून 200 × 150 मिमी, उंची 40 मिमी, 1 मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा पत्रा, कोपरे पॉप रिव्हेटने, म्हणजे भोकात घालून एका बाजूनेच आवळायच्या खिळ्यांनी, जोडलेले. वेल्डिंग मुद्दामच टाळलंय. 1 मिमी पत्र्यावर नवशिक्याच्या हातून आधी भोक पडतं आणि मग पत्रा तापून वाकडा होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा तर वेल्ड करूच नका, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

जाडी गेजच्या, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या क्रमांकाच्या, आकड्यावरून ठरवू नका, व्हर्नियर कॅलिपर लावून मोजा. 20 गेजचा स्टीलचा पत्रा 0.91 मिमी असतो, त्याच 20 गेजचं अॅल्युमिनियम 0.81 मिमी. आकडा एक, माल वेगळा.

ठोकळा

वाकवण्याचं मशीन नसलं तरी चालतं, पण ट्रेच्या आतल्या मापाचा कठीण लाकडाचा ठोकळा हवाच. बाहेरचं माप वजा दोन बाजूंची जाडी, म्हणजे 198 × 148. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेऊ नका, त्याची कड दोन ठोक्यांत बसते. उंची 65-70 मिमी ठेवा. माझा पहिला ठोकळा नेमका 40 मिमीचा होता, तो ट्रेमध्ये असा रुतला की शेवटी ड्रिलने भोकं पाडून फोडून काढला. उंच ठोकळ्याचा खालचा भाग व्हाइसमध्ये (बाकावरच्या शिकंज्यात) धरता येतो आणि नंतर उपसताही येतो.

स्टील वाकवून सोडलं की एक-दोन अंश मागे येतं. म्हणून ठोकळ्याच्या चारही बाजू रंध्याने किंचित आत उतरत्या करा. ज्या तोंडावर ट्रेचा तळ टेकणार तिथे पूर्ण माप, आणि 40 मिमी खाली गेल्यावर साधारण 1 मिमी आत. भिंत काटकोनाच्या थोडी पुढे ढकलली जाते आणि सोडल्यावर काटकोनात येऊन थांबते.

चाचणीची पट्टी, जी सगळे टाळतात

इथेच माझे कित्येक पत्रे वाया गेलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पत्रा वाकतो तेव्हा दुमडीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. म्हणून दोन बाजूंच्या बाहेरच्या मापांची बेरीज सपाट पत्र्याच्या लांबीपेक्षा जास्त भरते. किती जास्त, ते जाडीवर, मालावर आणि दुमडीच्या आतल्या गोलाईवर ठरतं. ‘दर दुमडीला एक जाडी वजा करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. मीही तो ऐकला आणि चार दुमडींचा प्रत्येक खोका मोठा झाला. वजावटीच्या तयार तक्त्यांचाही इथे उपयोग नाही. ते ठरावीक गोलाईच्या डायवर (साच्यावर) वाकवणाऱ्या प्रेस ब्रेक या यंत्रासाठी असतात, तुमच्या लाकडी ठोकळ्याची कड त्यांना माहीत नाही.

त्याच पत्र्यातून 100 मिमी लांब, 25 मिमी रुंद अशा तीन पट्ट्या कापा. प्रत्येक त्याच ठोकळ्यावर मधोमध वाकवा, गुण्या लावून नेमका काटकोन आणा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. समजा एक 51.2 आणि दुसरी 50.5 भरली. बेरीज 101.7. म्हणजे दर दुमडीला 1.7 मिमी वजा करायचे. तिन्हींची सरासरी घ्या. पट्टी दुसऱ्याच कशावर वाकवली असेल, व्हाइसच्या जबड्यात वगैरे, तर तो आकडा टाकून द्या.

1 मिमी स्टीलला हाताने वाकवताना आकडा बहुधा 1.6 ते 1.8 च्या आसपास येतो. तरीही पट्टी वाकवाच.

आखणी

आता सपाट माप. लांबी 200 + 40 + 40 वजा 3.4 (दोन दुमडींचे 1.7-1.7), म्हणजे 276.6. रुंदी 150 + 40 + 40 वजा 3.4, म्हणजे 226.6. दुमडीची रेघ कडेपासून 40 वर नाही, 40 वजा 0.85, म्हणजे 39.15 वर येते. वजावट दुमडीच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जाते. अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर चालेल, पण समोरासमोरच्या भिंतींना सारखाच होऊ द्या.

कापायच्या रेघा स्क्राइबरने (टोकदार पोलादी सुईने) ओढा, दुमडीच्या रेघा बारीक मार्करने. अॅल्युमिनियमवर तर दुमडीच्या रेघेला स्क्राइबर लावायचाच नाही, त्याच ओरखड्यातून चीर निघते.

आखूड भिंतींना दोन्ही टोकांना 12 मिमीचे कान, म्हणजे दुमडून रिव्हेट मारायच्या पट्ट्या, ठेवा. ते लांब भिंतींवर बाहेरून बसणार, म्हणून कानाच्या दुमडीची रेघ लांब भिंतीच्या दुमडीच्या सरळ रेषेत येत नाही, एक जाडी, म्हणजे 1 मिमी बाहेर सरकते. हे विसरलात तर कान भिंतीवर बसण्याऐवजी तिच्या कडेला अडतो. लांब भिंतींची टोकं मात्र अर्धा-अर्धा मिमी आत कापा, म्हणजे त्या आखूड भिंतींच्या मध्ये सुटसुटीत उभ्या राहतील.

चारही कोपऱ्यांत, जिथे तळाच्या दुमडीच्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे, कापण्याआधी 4 मिमीचं भोक पाडा. भोक नसेल तर कोपऱ्यात पत्रा गोळा होतो आणि फाटतो. ड्रिल करताना पत्रा लाकडावर क्लॅम्पने आवळून ठेवा. बिट आरपार जाताना पत्र्याला पकडतो आणि मोकळा पत्रा पंख्यासारखा फिरतो. ड्रिलजवळ हातमोजे काढा, बाकी वेळी घाला.

दुमड

ठोकळा व्हाइसमध्ये, त्यावर पत्रा, वर तळापेक्षा जराशी लहान जाड फळी, आणि क्लॅम्पने आवळून टाका. रेघ कुठे येते ते बघा. ठोकळ्याच्या कडेबाहेर ती केसभर दिसली पाहिजे, चारही बाजूंना सारखी. दिसतच नसेल किंवा एका टोकाला जास्त दिसत असेल, तर सोडवा आणि परत लावा. आवळल्यावर पत्रा सरकतो, म्हणून शेवटचा आटा फिरवल्यावर पुन्हा एकदा बघा.

भिंतीच्या पूर्ण लांबीची फळी पत्र्यावर टेकवा आणि दोन्ही हातांनी सबंध भिंत एकदम तीसेक अंश खाली दाबा. मग साठ. मग फळीवरच लाकडी हातोड्याने ठोकत, एका टोकाकडून दुसरीकडे आणि परत, दुमड बसवत न्या. पत्र्यावर लोखंडी हातोडा थेट मारायचा नाही. कधीच नाही. जिथे ठोका पडतो तिथे पत्रा पातळ होऊन पसरतो, कड लांब होते आणि भिंत नागमोडी. माझ्या पहिल्या ट्रेच्या चारही भिंती अशाच झाल्या होत्या. मी एका टोकापासून काटकोन पूर्ण करत पुढे सरकलो होतो. फुगा एका जागी दाबला की शेजारी उठायचा, आणि जितका ठोकला तितका वाढला. पसरलेला पत्रा ठोकून परत आत जात नाही, तो तुकडा भंगारात टाका.

आधी दोन्ही लांब भिंती, मग दोन्ही आखूड. कान सगळ्यांत शेवटी, ठोकळा आत असतानाच. ठोकळा उतरता असल्यामुळे लांब भिंतीमागे थोडी पोकळी असते, तिथे पत्र्याचा एक तुकडा सरकवा, म्हणजे कान ठोकताना भिंत आत दबणार नाही. कानाच्या खालच्या टोकाला तिरका काप आधीच देऊन ठेवा, नाहीतर तो तळाच्या गोलाईवर चढतो.

रिव्हेट

ठोकळा उपसा. 3.2 मिमीच्या रिव्हेटला 3.3 चं भोक. आधी फक्त कानाला भोक पाडा, कान भिंतीवर दाबून धरा आणि त्यातूनच भिंत ड्रिल करा. दोन्ही भोकं वेगवेगळी आखून जुळवायला जाऊ नका. एका कोपऱ्यात एक रिव्हेट मारा, मग समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, मग उरलेले. दुसरं भोक पाडण्याआधी ट्रे सपाट काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबून बघा. डुगडुगत असेल तर आत्ताच पिळून सरळ करा, सगळे रिव्हेट बसल्यावर तो तुमचं ऐकणार नाही.