भावंडांनी मिळून आजीच्या ओव्या कशा जपायच्या

घरात दोघं-तिघं गाणारी भावंडं असतील तर जात्यावरच्या ओव्या जपायला यापेक्षा भारी टीम नाही, कारण ओवी बऱ्याचदा दोघींचीच असते, खुंट्याला दोघींचा हात, एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने मागून धरायची. त्यामुळे नुसते शब्द वहीत उतरवून काम संपत नाही.

रेकॉर्डिंगला आजीला खुर्चीत बसवून 'आता गा' म्हणू नका. हात रिकामा असला की लय जाते आणि पुढची ओवीही आठवत नाही. जातं असेल तर मूठभर दाणे घालून खरंच दळायला लावा, एखादी मावशी किंवा काकू समोर बसली तर उत्तमच, आजी एकटीच असेल तर तुमच्यातल्या एकाने खुंटा धरायचा आणि दुसऱ्याने फोन सांभाळायचा. फोन फ्लाइट मोडवर, जात्यापासून लांब आणि तोंडाच्या जवळ, फाइल एमपीथ्री नको, वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी) ठेवा. घरघर पूर्ण काढून टाकायच्या भानगडीत पडू नका हो, ताल तिच्यातच आहे.

लिहिताना आजी 'न्हाई' म्हणाली तर 'न्हाई'च लिहा. कागदावर दोन ओळींची दिसणारी ओवी गाताना तुकडे परत परत घेत, मधे 'गं बाई' घालत चांगली लांबते, ते सगळं उतरवा, चाल तिथेच सापडते. सोबत गाणारीचं नाव, गाव, माहेर, तारीख. आजीची आणि मावशीची ओवी वेगळी निघाली की भावंडांत 'खरी कुठली'वरून हमखास वाजतं, दोन्ही ठेवा. फाइलींच्या कॉप्या तीन, त्यातली एक दुसऱ्या घरी.

शिकताना आधी हार्मोनियम काढू नका, पेटीचे ठरलेले सूर लागले की मधल्या बारीक जागा सपाट होतात. आधी तोंडी बसवा, एकाने उचला, दुसऱ्याने धरा, मग अदलाबदल करा. बाकी गावांच्या चाली ऐकायच्या असतील तर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांच्या टीमने महाराष्ट्रभरातून १ लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर त्यातल्या भरपूर आहेत.

अपलोड करायच्या आधी आजीला ऐकवा आणि विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्यालाही स्वतःचे हक्क आहेत, आणि सुनेवरची, दिरावरची एखादी तिखट ओवी तिला भावकीत जायला नको असेल तर ती घरातच राहू द्या.