दवाखान्यात दात पांढरे करून घेताना: दिव्यापेक्षा हिरडीकडे लक्ष द्या

मे महिन्यातली लग्ने आणि गणपती या दोन हंगामांच्या तोंडावर रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यात दात पांढरे करून घेणाऱ्यांची वर्दळ वाढते, आणि त्यांतील बरेच जण त्याआधी लिंबू-मीठ, खायचा सोडा किंवा कोळशाची पूड दातांवर घासून आलेले असतात. लिंबाने दात पांढरा होत नाही, तो झिजतो. वरचे इनॅमल पातळ झाले की त्याखालचे पिवळसर डेंटिन अधिकच डोकावू लागते. असे काही केले असेल तर संकोचाने लपवू नये, कारण झिजलेल्या दाताला पुढे लावायचे दात पांढरे करणारे जेल जास्त झोंबते.

तपासणी आणि स्केलिंग, म्हणजे दातांची यंत्राने सफाई, आधी उरकून घ्यावे. मशेरी, पान आणि चहा यांचे डाग बहुतेक वेळा दातांच्या पृष्ठभागावरच असतात आणि सफाईनेच निघतात. ज्यांचे तेवढ्यावर भागते त्यांना मी पुढचा खर्च करू देत नाही. कीड, तडा किंवा सुजलेली हिरडी असल्यास आधी तिच्यावर उपचार करावेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे. कॅप आणि दातांत भरलेले सिमेंट यांचा रंग जेलने बदलत नाही. दोन आठवडे आधीपासून पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरली तर दात शिवशिवण्याचा त्रास कमी होतो.

खुर्चीत बसल्यावर 16 छटांच्या शेड गाइडशी दात ताडून पाहतात, फोटो काढतात, डोळ्यांवर चष्मा चढवतात आणि ओठ व गाल बाजूला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे साधन तोंडात बसवतात.

यानंतर हिरडीवर संरक्षक पट्टी लावली जाते. सगळे प्रश्न जेल लावल्यावर दातांवर धरल्या जाणाऱ्या निळ्या दिव्याविषयी विचारले जातात, या पट्टीविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. दवाखान्यातल्या जेलमध्ये साधारणपणे 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते; ते इनॅमलमधून आत झिरपून रंग देणाऱ्या कणांचे विघटन करते, पण हिरडीवर सांडले तर ती भाजते. म्हणून हिरडीच्या कडेने सिरिंजमधून पातळ रेझिन सोडून ते दिव्याच्या प्रकाशाने कडक केले जाते. व्यवसायाच्या सुरुवातीला मी हे काम घाईने उरकत असे. एकदा खालच्या दातांपाशी हिरडी पुरती कोरडी न करताच मी पट्टी लावली, लाळेने तिची कड सुटली आणि जेल आत शिरले. समोरचे गृहस्थ ‘एवढे तर व्हायचेच’ असे समजून मुकाट्याने सोसत राहिले. पट्टी काढली तेव्हा हिरडीचा तेवढा भाग ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा पडलेला होता. काही तासांत तिचा रंग परतला आणि दोन दिवसांत जळजळही थांबली, परंतु तेव्हापासून रुग्णाने आरशात पट्टी पाहिल्याशिवाय मी जेल उघडत नाही.

तो आरसा तुम्हीही मागून घ्यावा. पट्टी सलग दिसली पाहिजे, तिची कड दातावर किंचित चढलेली असली पाहिजे आणि दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकाशी गुलाबी रंग कोठेही डोकावता कामा नये. हिरडी उतरून मूळ उघडे पडलेले असेल तर तेही झाकलेले असावे. कुठे शंका आली तर तेथे आणखी रेझिन लावून घ्यावे; त्यात डॉक्टरांचा अपमान नाही, आणि ज्यांना तो वाटतो त्यांच्या खुर्चीतून उठलेले बरे.

तोंड उघडे असल्याने बोलता येत नाही, म्हणून हाताची खूण आधीच ठरवून ठेवावी. पट्टी कडक होताना क्षणभर ऊब जाणवते, तिची चिंता करू नये. हिरडीवर मिरची लागल्यासारखी जळजळ सुरू झाली तर मात्र ताबडतोब हात वर करावा. तेथे जेल पोहोचलेले आहे. तिसरी जाणीव दातातून वीज चमकल्यासारखी येणारी कळ ही होय. एखादी कळ येऊन गेली तर तीही सांगावी, पण ती त्याच दातात पुन्हा पुन्हा येऊ लागली तर त्या दातावरचे जेल काढून टाकणेच योग्य. ‘अजून पाचच मिनिटे सहन करा’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

जेल सहसा पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत लावले जाते आणि सगळे मिळून तास-दीड तास लागतो. निळ्या दिव्यासाठी जादा पैसे मोजू नयेत: काम जेल करते, दिव्याच्या उष्णतेने दात अधिक कोरडे पडतात आणि तेवढ्यापुरते अधिक पांढरे भासतात.

पुढचे दोन दिवस थंड पाण्यानेसुद्धा कळ येऊ शकते. कैरी खाऊन दात आंबतात तशी ही जाणीव नसते, ती अधिक तीक्ष्ण असते, पण सहसा दोन-तीन दिवसांत ओसरते. या काळात रंगीत आणि आंबट पदार्थ टाळावेत, म्हणजेच आपल्याकडची सोलकढी दोन्ही कारणांनी बाद होते. हळद न घातलेली माशाची आमटी कोकणात मिळणे अवघड, आणि मऊभात चालतो म्हटल्यावर लोक त्यावर मेतकूट घेतात, ज्यात हळद असतेच. पेज, तूप-भात, घावणे आणि कोमट दूध यांवर दोन दिवस सहज निघतात. चहाही तेवढे दिवस सोडावा. मशेरी तर पुन्हा सुरूच करू नये.

पहिल्या दिवशीची छटा आठवडाभरात थोडी उतरते, त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी येण्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी यावे. समोरच्या दातातले जुने सिमेंट आता वेगळे दिसू लागले असेल, तर ते बदलण्यासाठीही दोन आठवडे थांबावे: तोपर्यंत दातांची छटा स्थिरावते, आणि दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे नवे सिमेंट नीट न चिकटण्याचा धोकाही टळतो.