आठवड्याच्या नव्या सुपरहिरो कॉमिक्सचे परीक्षण कसे लिहावे

अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी विक्रीला येतात. मार्व्हल आणि डीसी या दोन मोठ्या प्रकाशकांपैकी डीसीने २०२० मध्ये आपला जुना वितरक सोडल्यानंतर काही वर्षे मंगळवार धरला होता; जुलै २०२४ पासून तेही बुधवारी परतले, त्यामुळे दोन्ही मोठ्या प्रकाशकांचे अंक पुन्हा एकाच दिवशी वाचकासमोर येऊ लागले. साप्ताहिक परीक्षण लिहिणाऱ्यापुढची अडचण अशी, की त्या दिवशी त्याच्या हाती पूर्ण झालेल्या कथा पडत नाहीत, हप्ते पडतात: एखाद्या कथेचा तिसरा भाग, दुसरीचा शेवट, तिसरीची नुसती सुरुवात. साधारण वीस पानांच्या अशा हप्त्याने स्वतःपुरते काय साधले आणि कुठे कमी पडला, हे त्या पानांवर बोट ठेवून सांगणे हेच या परीक्षणाचे काम आहे. पुढे काय होणार याचे अंदाज बांधणे हा वेगळा आणि बराच सोपा उद्योग आहे.

अंकांची निवड

एका आठवड्यात येणारे सगळे अंक वाचण्याच्या फंदात पडू नये. पाच-सहा अंक नीट वाचून त्यांवर लिहिलेले परीक्षण वीस अंकांवर उडत्या नजरेने लिहिलेल्या परीक्षणापेक्षा वाचकाच्या अधिक उपयोगी पडते. निवडीत एखादा पहिला अंक, एखादा कथेच्या मध्यावरचा, एखादा शेवटचा आणि शक्य असल्यास मार्व्हल आणि डीसी यांच्याबाहेरचा एक अंक असावा. इमेज ही प्रकाशनसंस्था १९९२ मध्ये काही नावाजलेल्या चित्रकारांनीच स्थापन केली आणि तिच्या अंकांत पात्रांचे हक्क निर्मात्यांकडे राहतात, त्यामुळे तेथील सुपरहिरोकथा कायमची संपू शकते, नायक खरोखर मरू शकतो. तोलण्याचे माप तेथे थोडे बदलते.

प्रकाशक आगामी अंकांची माहिती सुमारे तीन महिने आधी जाहीर करतात. ती यादी निवडीसाठी उपयोगी आहे, पण तीत दिलेला कथासारांश बहुधा अंक पूर्ण होण्याआधीच लिहिलेला असतो आणि जाहीर झालेला चित्रकारही कधीकधी ऐनवेळी बदलतो. म्हणून नावे नेहमी छापील अंकाच्या श्रेयपानावरूनच घ्यावीत. मुखपृष्ठ काढणारा चित्रकार आणि आतली पाने काढणारा चित्रकार हे पुष्कळदा वेगळे असतात, आणि हल्ली एकाच अंकाला अनेक व्हेरियंट कव्हर, म्हणजे पर्यायी मुखपृष्ठे, असतात. परीक्षणात मुखपृष्ठाला एक वाक्य पुरे.

हे लेखन कोणासाठी आहे तेही आधीच ठरवावे. कॉमिक्सच्या दुकानदारांना अंकांची अंतिम मागणी प्रकाशनाच्या काही आठवडे आधी नोंदवावी लागते आणि न खपलेले अंक सहसा परत करता येत नाहीत. १९७० च्या दशकात कॉमिक्स-व्यापारी फिल सूलिंग यांनी रुजवलेल्या थेट विक्रीच्या पद्धतीचा तो पायाच आहे. बुधवारी वा गुरुवारी लिहिलेल्या परीक्षणाने दुकानात किती प्रती आल्या यात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो हा अंक घ्यावा की नाही आणि मालिका पुढे चालू ठेवावी की नाही या वाचकाच्या निर्णयात, आणि त्याद्वारे पुढच्या अंकांच्या मागणीत.

दोन वाचने

पहिले वाचन सलग करावे. हातात पेन घेऊ नये. कोणत्या पानावर आपण थबकलो, कोठे मागे वळून पाहावे लागले, कोठे दोन पाने भरभर उलटली गेली, एवढेच लक्षात ठेवावे. या तीन जागा दुसऱ्या वाचनाचा आराखडा असतात. दुसरे वाचन पानवार करावे आणि प्रत्येक नोंदीपुढे पानाचा क्रमांक लिहावा, कारण क्रमांक नसलेली नोंद लेखात उतरताना हमखास मोघम विशेषण होऊन बसते.

पडद्यावर वाचत असल्यास एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय निदान दुसऱ्या वेळी बंद ठेवावी. पानाची रचना, म्हणजे कोणती चौकट मोठी, कोणती अरुंद, नजर कोठून कोठे जाते, ही गोष्ट त्या सोयीत पूर्णपणे हरवते. छापील अंकात सम क्रमांकाचे पान डावीकडे असते आणि ते उलटल्यावरच दिसते. म्हणून जाणते लेखक-चित्रकार धक्का देणारे दृश्य सम पानाच्या सुरुवातीला ठेवतात. तोच प्रसंग उजव्या पानावर आला तर वाचकाला डावे पान वाचतानाच तो नजरेच्या कडेला दिसून गेलेला असतो. अर्थात, मध्ये येणाऱ्या जाहिरातींमुळे हा हिशेब बिघडतो, तेव्हा दोष लेखकाच्या माथी मारण्याआधी जाहिरातींची पाने मोजून घ्यावीत.

चित्रांविषयी लिहिणे

बहुतेक साप्ताहिक परीक्षणे येथेच लंगडी पडतात. चार परिच्छेद कथेवर खर्च होतात आणि शेवटी ‘चित्रेही सुंदर आहेत’ असे एक वाक्य चिकटवले जाते. कॉमिकमध्ये कथा सांगतात ती चित्रेच, त्यामुळे असे परीक्षण अर्ध्याहून अधिक अंक न वाचताच लिहिल्यासारखे होते.

सुरुवात हाणामारीच्या पानांपासून करावी, कारण सुपरहिरो कॉमिकची कसोटी तेथे लागते. कोण कोठे उभा आहे, कोणत्या दिशेने धावतो आहे, फटका कोठून आला आणि कोणाला लागला, हे संवाद झाकून पाहिले तरी कळते का? नायक एका चौकटीत डावीकडून येतो आणि पुढच्या चौकटीत कारण नसताना उजवीकडून येतो, असे झाले की वाचक अडखळतो, जरी त्याला कारण सांगता आले नाही तरी. परीक्षकाने ते कारण सांगावे. त्यानंतर शांत पाने पाहावीत: दोन पात्रे नुसती बोलत असताना चित्रकार चेहऱ्यांना काही करायला देतो, की एकच चेहरा चौकटीमागून चौकटीत तसाच येत राहतो?

पेन्सिलर (पेन्सिलीने रेखाटणारा), इंकर (त्या रेषांवर शाई चढवणारा), रंगकार आणि अक्षरकार (संवाद व फुगे पानावर बसवणारा) ही चार कामे वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. आज अनेक चित्रकार पेन्सिल आणि शाई दोन्ही स्वतःच करतात. पण एका अंकात दोन-तीन इंकर दिसले, तर ते अनेकदा घाईचे लक्षण असते आणि रेषेची जाडी कोणत्या पानापासून बदलली ते शोधण्यासारखे असते. मध्येच बदली चित्रकार आला असेल तर तेही पान सांगावे. रंगांच्या बाबतीत ते भडक आहेत की फिके, यापेक्षा त्यांनी काय काम केले हे पाहावे. आठवणीतला प्रसंग वेगळ्या रंगछटेने ओळखू येतो का, रात्रीच्या गर्दीत गडद पोशाखातला नायक पार्श्वभूमीतून उठून दिसतो का, एका जागेचा प्रकाश पानभर सारखा राहतो का?

अक्षरकाराचे काम नीट झाले की दिसतच नाही, म्हणूनच त्याचे नाव परीक्षणातून गळते. संवादफुगे चुकीच्या क्रमाने वाचले गेले तर प्रथमदर्शनी दोष त्याचा वाटतो. पण आधी बोलणारे पात्र चित्रकाराने उजवीकडे उभे केलेले असेल, तर त्याचा फुगा डावीकडे नेण्यासाठी अक्षरकाराला शेपूट ओढूनताणून वळवावे लागते आणि मूळ चूक रेखाटनाची ठरते. असा बारकावा एका वाक्यात आला तरी परीक्षक पाने पाहून लिहितो आहे हे वाचकाला कळते.

श्रेय देताना एक सावधगिरी बाळगावी. १९६० च्या दशकात मार्व्हलमध्ये स्टॅन ली कथेची रूपरेषा देत, जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिट्को तीवरून पाने रचून काढत आणि संवाद त्यानंतर लिहिले जात. कोणाचे किती, हा वाद त्यामुळे अजून मिटलेला नाही. आता पूर्ण पटकथा देण्याची पद्धत अधिक रूढ असली तरी चौकटींची वाटणी चित्रकाराने बदललेली असू शकते. ‘लेखकाने हा प्रसंग निःशब्द ठेवला’ असे ठामपणे लिहिण्याऐवजी ‘हा प्रसंग निःशब्द आहे’ असे लिहावे.

हप्ता तोलताना

आजची बहुतेक कथानके पाच-सहा अंकांची असतात, पुढे त्यांचे एकत्रित पुस्तक निघते आणि पुष्कळ लेखक त्या पुस्तकाकडे डोळा ठेवूनच लिहितात. अशा कथेचा तिसरा अंक ‘अपूर्ण’ आहे ही तक्रार निरर्थक आहे. तो अपूर्ण असणारच. त्या अंकात निदान एक प्रसंग सुरू होऊन पुरा होतो का, एखादे पात्र सुरुवातीपेक्षा शेवटी वेगळ्या जागी पोहोचते का, हे प्रश्न योग्य. वीस पाने केवळ पात्रांना पुढच्या अंकातल्या जागेवर नेऊन ठेवण्यात गेली असतील, तर तसे स्पष्ट म्हणावे.

नवख्या वाचकाला हा अंक कळेल का, याचे उत्तर प्रत्येक वेळी द्यावे. मुखपृष्ठावरचा १ हा आकडा त्याची हमी देत नाही. १९३८ मध्ये सुपरमॅनला घेऊन सुरू झालेली ॲक्शन कॉमिक्स ही मालिका २०११ मध्ये डीसीच्या ५२ मालिकांसोबत पुन्हा १ पासून मोजली गेली आणि २०१८ मध्ये जुनी मोजणी धरून तिचा १,००० वा अंकही निघाला. मालिका एखाद्या मोठ्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे अनेक मालिकांतून पसरलेल्या एकाच कथेत, अडकली असेल, तर इतर कोणते अंक वाचल्याशिवाय हा कळणार नाही, हे वाचकाने पैसे देण्याआधी त्याला सांगणे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

मृत्यूच्या प्रसंगाने भारावून जाऊ नये. सुपरमॅन १९९२ च्या शेवटी मेला आणि १९९३ मध्ये परत आला. काळ्या वेष्टनातल्या त्या अंकाच्या प्रती लोकांनी गुंतवणूक म्हणून जपून ठेवल्या आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे त्यांना मोठी किंमत कधी आली नाही. पात्र परत येणार हे गृहीत धरावे आणि त्या मृत्यूने मागे उरलेल्या पात्रांच्या वागण्यात काही बदल घडवला का, एवढेच तोलावे.

किमतीचा विचार करावा, पण सरधोपट नको. नेहमीचा अंक ३.९९ किंवा ४.९९ डॉलरला मिळतो, म्हणजे पानामागे वीस ते पंचवीस सेंट. जवळजवळ निःशब्द अंक काही मिनिटांत संपतो आणि तरीही तीनदा उघडावासा वाटतो, तर संवादांनी गच्च भरलेला अंक अर्धा तास घेऊन पदरात काहीच टाकत नाही. वाचनाला किती वेळ लागला यावरून किंमत वसूल झाली की नाही ते ठरवू नये.

लेखन

महत्त्वाच्या एका अंकाला साधारण चारशे शब्द, बाकीच्यांना दीडशे ते दोनशे, अशी विषम वाटणी ठेवावी. परिस्थिती एका-दोन वाक्यांत सांगावी, मग थेट एखादे पान घ्यावे. समजा, एका अंकात नायिका इमारतीवरून उडी घेते. ‘चित्रण थरारक आहे’ या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘सहाव्या पानावर उडी तीन उभ्या, अरुंद चौकटींत विभागली आहे आणि प्रत्येक चौकटीत तिची आकृती लहान होत जाते, त्यामुळे उंची जाणवते, पण वेग जाणवत नाही, आणि पुढच्या पानावरची धडक त्यामानाने मऊ पडते.’ यात वर्णन आहे, कारण आहे आणि निर्णयही आहे. वाचकाला तो पटला नाही तरी पान उघडून पडताळता येतो.

रहस्यभेदाबाबत ठोकताळा असा, की पहिल्या तृतीयांशापर्यंतच्या घटना मोकळेपणाने सांगाव्यात, त्यानंतरच्या आडवळणाने, आणि शेवटचे पान मुळीच सांगू नये. मूल्यमापन त्या शेवटच्या पानावरच अवलंबून असेल, तर आधी सूचना देऊन तो भाग वेगळा काढावा. सोबत चित्रे द्यायची झाल्यास प्रकाशकाने स्वतः पूर्वदर्शनासाठी दिलेली सुरुवातीची पाने वापरावीत. प्रकाशनपूर्व प्रत फुकट मिळाली असेल तर तसे नमूद करावे आणि ठरवून दिलेली तारीख पाळावी.

गुण द्यायचे की नाही हा आवडीचा भाग आहे. दिलेच, तर पाच म्हणजे सामान्य, वाईट नव्हे, हे आधी ठरवून त्याला चिकटून राहावे. प्रत्येक अंकाला दहापैकी आठ देणाऱ्याचे गुण कोणी वाचत नाही.

पाठवण्यापूर्वी अंकाचा क्रमांक, प्रकाशक आणि लेखकापासून अक्षरकारापर्यंतची नावे श्रेयपानाशी ताडून पाहावीत. मासिक मालिकेचा पुढचा अंक साधारण चार-पाच आठवड्यांनी येतो, तोवर तपशील धूसर होतात. म्हणून प्रत्येक मालिकेमागे दोन ओळींची नोंद ठेवावी, की या अंकात कोणता प्रश्न उघडा राहिला आणि आपण काय मत दिले होते. पुढचा अंक हाती आल्यावर आधी ती नोंद वाचावी. मत बदलले असेल तर नव्या परीक्षणात तसे लिहावे, आणि मालिका सोडून देत असल्यास कोणत्या अंकापासून व कशामुळे, तेही सांगावे.